वैद्यकीय रजेची पूर्वसूचना

वैद्यकीय रजेची पूर्वसूचना म्हणजे तपासणी, उपचार, शस्त्रक्रिया किंवा डॉक्टरांची ठरलेली भेट यांसाठी कामावरून अनुपस्थित राहण्यापूर्वी कर्मचाऱ्याने आपल्या नियोक्त्याला दिलेली माहिती होय. ही सूचना लेखी किंवा तोंडी असू शकते. अनुपस्थितीची तारीख, अंदाजे कालावधी आणि वैद्यकीय कारण असल्याचा उल्लेख हे तिचे मुख्य घटक होत. आजार आधीपासून ठाऊक असेल तर सूचना आगाऊ देणे अपेक्षित असते. अपघात किंवा अचानक आलेले आजारपण असेल तर शक्य तितक्या लवकर कळवणे पुरेसे मानले जाते.

भारतात डॉक्टरांच्या भेटीसाठी काही तासांची सुटी मिळण्याचा स्वतंत्र व सर्वसाधारण कायदेशीर हक्क नाही. अशी अनुपस्थिती नैमित्तिक रजा, आजारपणाची रजा, अर्जित रजा, अर्ध्या दिवसाची रजा किंवा बिनपगारी रजा यांपैकी कोणत्या तरी प्रकारात बसवली जाते. त्यामुळे सूचना केव्हा द्यावी, कोणाला द्यावी आणि ती न दिल्यास काय होते, या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळे कायदे, सेवानियम, स्थायी आदेश आणि न्यायालयीन निर्णय यांत विखुरलेली आहेत. सूचना दिल्याचा पुरावा नसल्यास एका दिवसाच्या वेतनकपातीपासून सेवासमाप्तीपर्यंतचे परिणाम संभवतात. म्हणून हा विषय कामगार कायद्यात महत्त्वाचा ठरतो.

संज्ञा व स्वरूप

रजेच्या संदर्भात सूचना आणि मंजुरी या दोन भिन्न गोष्टी आहेत. सूचना म्हणजे अनुपस्थित राहणार असल्याचे कळवणे, तर मंजुरी म्हणजे नियोक्त्याने त्या अनुपस्थितीस दिलेली संमती. केवळ अर्ज दिल्याने रजा मंजूर होत नाही, असे बहुतेक सेवानियम सांगतात. मात्र अर्ज दिलेला असणे आणि काहीच न कळवता गैरहजर राहणे यांत कायदा फरक करतो. पहिल्या प्रकारात वाद बहुधा वेतनापुरता राहतो; दुसऱ्या प्रकारात तो शिस्तभंगाचा होऊ शकतो.

वैद्यकीय अनुपस्थितीचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

पूर्वनियोजित: ठरलेली शस्त्रक्रिया, प्रसूतिपूर्व तपासणी, दातांचे उपचार, सोनोग्राफी किंवा एमआरआयची मिळालेली तारीख.

आवर्ती: डायलिसिस, केमोथेरपी, फिजिओथेरपी, मानसोपचार यांसारखे ठरावीक अंतराने घ्यावे लागणारे उपचार.

आकस्मिक: ताप, अपघात, हृदयविकाराचा झटका किंवा तातडीने रुग्णालयात दाखल होणे.

यांपैकी पहिल्या दोन प्रकारांत आगाऊ सूचना शक्य असते. तिसऱ्या प्रकारात ती अपेक्षित नसते. परंतु नंतर कळवण्याची जबाबदारी कायम राहते.

इतिहास

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये रजेचे लेखी नियम क्वचितच होते. कामगाराची भरती, त्याची सुटी आणि परत कामावर घेणे या गोष्टी प्रामुख्याने जॉबर किंवा मुकादम यांच्या हाती असत. आजारी पडलेल्या कामगाराच्या जागी बदली कामगार लावला जाई. मूळ कामगार बरा होऊन परतला तरी जागा मिळेलच याची शाश्वती नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली १८८४ मध्ये गिरणी कामगारांनी ज्या मागण्या मांडल्या, त्यांत साप्ताहिक सुटी व दुपारची विश्रांती यांबरोबरच काम करताना गंभीर दुखापत झालेल्या कामगाराला बरे होईपर्यंत वेतन मिळावे, अशीही मागणी होती. १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य झाली. आजारपणातील वेतनाचा प्रश्न मात्र पुढे अनेक दशके अनिर्णित राहिला.

१९४३ मध्ये भारत सरकारने औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम प्रा. बी.पी. आडारकर यांच्याकडे सोपवले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये सादर झाला. या अहवालाच्या आधारे पुढे कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ संमत झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा प्रारंभ झाला. दरम्यान औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियम, १९४६ अन्वये रजा मागण्याची व देण्याची पद्धत लेखी स्वरूपात जाहीर करणे मोठ्या औद्योगिक आस्थापनांवर बंधनकारक झाले. रजा ही मुकादमाची मर्जी न राहता नियमांचा विषय होण्याच्या दृष्टीने हा महत्त्वाचा टप्पा होता.

भारतातील कायदेशीर तरतुदी

कारखाने

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ७९ मध्ये वार्षिक सवेतन रजेची तरतूद होती. वर्षभरात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगारास पुढील वर्षी दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा मिळे. ही रजा घ्यायची असल्यास किमान १५ दिवस आधी, आणि सार्वजनिक उपयोगितेच्या सेवेत असल्यास किमान ३० दिवस आधी, व्यवस्थापकाकडे लेखी अर्ज करावा लागे. आजारपणासाठी मात्र याच कलमात स्पष्ट अपवाद होता. आजाराचा काळ भरून काढण्यासाठी कामगाराने शिल्लक सवेतन रजा मागितल्यास, मुदतीत अर्ज केलेला नसला तरी ती द्यावी, असे त्यात म्हटले होते. आगाऊ सूचनेची अट आजारी माणसावर सरसकट लादता येत नाही, हे तत्त्व या अपवादातून स्पष्ट होते.

आदर्श स्थायी आदेश

१९४६ च्या अधिनियमाखालील केंद्रीय नियमांना जोडलेल्या आदर्श स्थायी आदेशांत सूचनेची पद्धत अधिक तपशिलाने दिली आहे. त्यानुसार रजेचा अर्ज आल्यावर नियोक्त्याने आठवड्याच्या आत किंवा रजा सुरू होण्याच्या दोन दिवस आधी, यांपैकी जे अगोदर असेल तेव्हा, आदेश द्यावा लागतो. अर्जाच्याच दिवशी किंवा त्यानंतर तीन दिवसांच्या आत रजा सुरू होणार असेल, तर निर्णय त्याच दिवशी द्यावा लागतो. म्हणजे कळवण्याचे कर्तव्य एकट्या कामगाराचे नसून, वेळेत उत्तर देण्याचे कर्तव्य नियोक्त्याचेही आहे.

नैमित्तिक रजा वर्षात एकूण १० दिवसांपर्यंत देता येते. ती एका वेळी तीन दिवसांपेक्षा जास्त नसावी, परंतु आजारपणात ही मर्यादा लागू होत नाही. सामान्यतः विभागप्रमुखाची पूर्वपरवानगी घ्यावी. ते शक्य नसेल तर अनुपस्थिती व तिचा संभाव्य कालावधी शक्य तितक्या लवकर लेखी कळवावा, असा नियम आहे. रजा संपल्यानंतर आठ दिवसांच्या आत परत येऊन समाधानकारक स्पष्टीकरण न दिल्यास कामगाराचा पदावरील हक्क संपुष्टात येऊ शकतो. दहा दिवसांपेक्षा अधिक काळ विनारजा गैरहजर राहणे किंवा वारंवार विनारजा गैरहजर राहणे हे गैरवर्तन मानले जाते.

महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापना

दुकाने, कार्यालये, उपाहारगृहे, माहिती तंत्रज्ञान कंपन्या यांसारख्या आस्थापनांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ लागू होतो. हा अधिनियम १९ डिसेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यानुसार कामगाराला दर कॅलेंडर वर्षात आठ दिवसांची सवेतन नैमित्तिक रजा मिळते. ही रजा तिमाही हप्त्यांनी खात्यात जमा होते आणि वर्षाअखेरीस न वापरल्यास बुडते. याखेरीज वर्षात २४० दिवस काम केलेल्यास दर २० दिवसांमागे एक दिवस सवेतन रजा मिळते व ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. डॉक्टरांच्या भेटीसाठी खासगी कार्यालयांत बहुधा हीच नैमित्तिक रजा वापरली जाते. बोलीभाषेत ती ‘सीएल’ म्हणून ओळखली जाते. आजारपणाची वेगळी रजा, अर्धा दिवस किंवा काही तासांची सवलत हे विषय बहुतांशी नियुक्तिपत्र व कंपनीचे अंतर्गत नियम यांवर अवलंबून असतात.

सरकारी सेवा

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ आणि केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ लागू आहेत. दोन्ही नियमांत रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे मूलतत्त्व आहे. आजारपणासाठी अर्जित रजा, अर्धवेतनी रजा, परिवर्तित रजा आणि शिल्लक संपल्यास असाधारण रजा असे पर्याय असतात. अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस या दराने जमा होते. वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे तिचे पूर्ण वेतनी परिवर्तित रजेत रूपांतर करता येते. त्या वेळी दुप्पट दिवस खात्यातून वजा होतात.

केंद्रीय नियमांनुसार वैद्यकीय प्रमाणपत्र मिळाल्याने रजेचा हक्क आपोआप निर्माण होत नाही. प्रमाणपत्र सक्षम अधिकाऱ्याकडे पाठवून आदेशाची प्रतीक्षा करावी लागते. अधिकाऱ्याला शंका असल्यास तो शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याकडून दुसरे मत घेऊ शकतो. वैद्यकीय कारणाने रजेवर गेलेल्या कर्मचाऱ्यास परतताना कामावर रुजू होण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. अवयवदान करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यास कमाल ४२ दिवसांची विशेष नैमित्तिक रजा मिळण्याची तरतूद २०२३ मध्ये करण्यात आली.

कर्मचारी राज्य विमा योजना

दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले, योजनेच्या कक्षेतील आस्थापनांत काम करणारे कर्मचारी या योजनेत विमाधारक असतात. दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी ही मर्यादा २५,००० रुपये आहे. जुलै २०१९ पासून वर्गणीचा दर नियोक्त्यासाठी वेतनाच्या ३.२५ टक्के व कर्मचाऱ्यासाठी ०.७५ टक्के असा आहे. आजारपणाच्या लाभात वेतनाच्या ७० टक्के दराने, लागोपाठच्या दोन लाभ कालावधींत मिळून कमाल ९१ दिवसांची रोख रक्कम मिळते. त्यासाठी संबंधित सहा महिन्यांच्या वर्गणी कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. क्षयरोग, कर्करोग यांसारख्या विशिष्ट दीर्घकालीन आजारांत वाढीव लाभ ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो.

१९४८ च्या अधिनियमाने केलेल्या व्याख्येनुसार, वैद्यकीय उपचारांची गरज असणे आणि त्यासाठी कामापासून दूर राहणे आवश्यक असणे म्हणजे आजारपण. त्यामुळे केवळ नेहमीच्या तपासणीसाठी दवाखान्यात गेल्यास हा लाभ मिळत नाही. विमा वैद्यकीय अधिकाऱ्याने काम करण्यास असमर्थ असल्याचे प्रमाणित करावे लागते. याच अधिनियमाच्या कलम ७३ ने, कर्मचारी आजारपणाचा लाभ घेत असताना त्याला कामावरून काढण्यास किंवा शिक्षा करण्यास मनाई केली. मात्र हे संरक्षण प्रमाणपत्राशी जोडलेले असल्याने, खासगी डॉक्टरकडे उपचार घेऊन विमा दवाखान्यात न गेलेला कामगार त्याच्या लाभापासून दूर राहण्याची शक्यता असते.

मातृत्व लाभ

मातृत्व लाभ अधिनियम, १९६१ मध्ये सूचनेची स्वतंत्र पद्धत ठरवून दिली होती. प्रसूती रजेवर जाणाऱ्या स्त्रीने अनुपस्थितीची सुरुवातीची तारीख नमूद करून नियोक्त्याला लेखी सूचना द्यावी. गरोदरपणात ती देता आली नाही, तर प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर द्यावी, असे त्यात म्हटले होते. सूचना दिली नाही एवढ्याच कारणाने, इतर अटी पूर्ण करणाऱ्या स्त्रीचा लाभाचा हक्क बुडत नाही, हेही त्यात स्पष्ट होते. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजेचा कालावधी २६ आठवडे झाला. गरोदरपण किंवा प्रसूतीमुळे उद्भवलेल्या आजारासाठी आणखी एक महिन्यापर्यंत सवेतन रजा मिळू शकते.

श्रम संहिता

केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू केल्या. त्यामुळे कारखाने अधिनियम, स्थायी आदेश अधिनियम, कर्मचारी राज्य विमा अधिनियम आणि मातृत्व लाभ अधिनियम यांच्या जागी अनुक्रमे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२०. औद्योगिक संबंध संहिता, २०२०. आणि उर्वरित दोन अधिनियमांसाठी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आली. वार्षिक सवेतन रजेसाठी आवश्यक कामाचे दिवस २४० वरून १८० वर आले. स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या औद्योगिक आस्थापनांपुरती ठेवण्यात आली. त्यापेक्षा लहान आस्थापनांत सूचनेची पद्धत नियुक्तिपत्र व अंतर्गत नियमांवर अधिक अवलंबून राहते.

न्यायालयीन निर्णय

न कळवता गैरहजर राहणाऱ्या कामगाराचे नाव पटावरून परस्पर कमी करण्याची प्रथा अनेक आस्थापनांत होती. डी.के. यादव विरुद्ध जे.एम.ए. इंडस्ट्रीज (१९९३) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिला मर्यादा घातली. आठ दिवसांपेक्षा अधिक काळ गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप संपते, असा स्थायी आदेश असला तरी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावीच लागते, असे न्यायालयाने ठरवले. संबंधित कामगाराला निम्म्या थकीत वेतनासह पुन्हा कामावर घेण्याचा आदेश देण्यात आला.

कृष्णकांत बी. परमार विरुद्ध भारत सरकार (२०१२) या खटल्यात अनुपस्थितीमागील हेतूचा प्रश्न होता. अर्ज किंवा परवानगीशिवायची अनुपस्थिती अनधिकृत असू शकते, पण ती नेहमीच हेतुपुरस्सर असते असे नाही. आजार, अपघात, रुग्णालयात दाखल होणे अशा आवाक्याबाहेरच्या कारणांनी ती घडलेली असू शकते. त्यामुळे ती हेतुपुरस्सर होती हे सिद्ध झाल्याशिवाय गैरवर्तन ठरत नाही, असा या निर्णयाचा आशय आहे.

याउलट, सिंडिकेट बँकेच्या कर्मचारी संघटनेसंबंधीच्या खटल्यात (२०००) न्यायालयाने नियोक्त्याची बाजू मान्य केली. कर्मचारी दीर्घकाळ गैरहजर होता. बँकेने द्विपक्षीय करारानुसार ३० दिवसांत रुजू होण्याची नोटीस पाठवली होती आणि तिला प्रतिसाद मिळाला नव्हता. या निर्णयांवरून असे दिसते की, न्यायालये केवळ गैरहजेरीचे दिवस मोजत नाहीत. नियोक्त्याने विचारणा केली होती का आणि कर्मचाऱ्याने उत्तर दिले होते का, यांनाही निर्णायक महत्त्व असते.

सूचना देण्याची पद्धत

सरकारी कार्यालये, शाळा, बँका व सहकारी संस्थांत रजेचा अर्ज विहित नमुन्यात किंवा साध्या कागदावर दिला जातो. अनेक खासगी कंपन्यांत तो संगणकीय प्रणालीतून, ईमेलने किंवा संदेशाद्वारे दिला जातो. कारखान्यांत पाळी सुरू असताना दवाखान्यात जायचे असल्यास पर्यवेक्षकाच्या सहीचा गेट पास घ्यावा लागतो. अर्जात सामान्यतः पुढील बाबी असतात:

• कर्मचाऱ्याचे नाव, पद, विभाग व कर्मचारी क्रमांक
• अनुपस्थितीची तारीख. पूर्ण दिवस नसल्यास जाण्याची व परतण्याची अंदाजे वेळ
• रजेचा प्रकार
• वैद्यकीय तपासणी किंवा उपचार असल्याचा उल्लेख
• पुन्हा भेटी ठरलेल्या असल्यास त्यांच्या तारखा
• अनुपस्थितीत काम कोणाकडे सोपवले आहे याची माहिती
• संपर्काचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक

लेखी अर्ज दिल्यास त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व तारखेसह पोच घेण्याची पद्धत आहे. कार्यालयाने अर्ज स्वीकारण्यास नकार दिल्यास तो नोंदणीकृत टपालाने पाठवला जातो. तोंडी परवानगी मिळाली असेल तर तिचा उल्लेख करणारा ईमेल किंवा संदेश त्याच दिवशी पाठवल्यास नोंद राहते. तोंडी परवानगी देणारा अधिकारी बदलून गेल्यास किंवा त्याला स्मरण नसल्यास हजेरीपटावरील ‘गैरहजर’ हा शेराच पुरावा ठरतो. म्हणूनच वादाच्या प्रसंगी लेखी नोंदीला महत्त्व प्राप्त होते.

आकस्मिक आजारात कर्मचाऱ्याच्या वतीने कुटुंबीय किंवा सहकारी यांनी कळवले तरी सामान्यतः ते ग्राह्य धरले जाते. रजेचा कालावधी वाढवायचा असल्यास मूळ रजा संपण्यापूर्वीच मुदतवाढीचा अर्ज देणे आवश्यक असते. मूळ रजा मंजूर असूनही मुदतवाढ न कळवल्यास पुढचे दिवस विनारजा धरले जाऊ शकतात.

वैद्यकीय प्रमाणपत्र

एक-दोन दिवसांच्या नैमित्तिक रजेसाठी बहुधा प्रमाणपत्र मागितले जात नाही. त्यापेक्षा अधिक काळाच्या आजारपणासाठी नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाचे प्रमाणपत्र लागते. काही तासांच्या भेटीसाठी रुग्णालयाचा केसपेपर, भेटीची चिठ्ठी किंवा पावती पुरेशी मानण्याची प्रथा आहे.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहिता विनियमांनुसार, डॉक्टरांनी दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंदवही ठेवणे आणि प्रत्येक प्रमाणपत्राची प्रत जतन करणे आवश्यक आहे. खोटे किंवा दिशाभूल करणारे प्रमाणपत्र देणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. रुग्णाने मागणी केल्यास वैद्यकीय नोंदी ७२ तासांच्या आत उपलब्ध करून द्याव्यात, अशीही तरतूद त्यांत आहे. नंतर पुरावा जमवावा लागणाऱ्या कर्मचाऱ्यास तिचा उपयोग होतो. खोटे प्रमाणपत्र सादर करणे हे कर्मचाऱ्याच्या बाजूनेही गंभीर गैरवर्तन असून, मूळ गैरहजेरीपेक्षा त्याची शिक्षा कठोर असू शकते.

गोपनीयता

सूचनेत आजाराचे नाव लिहिणे प्रत्येक वेळी आवश्यक नसते. तपासणीसाठी जायचे आहे, एवढा उल्लेख आणि वेळ यांवर अल्पकालीन रजा बहुतेक ठिकाणी मिळते. दीर्घ रजेसाठी मात्र प्रमाणपत्रात निदान नमूद असते आणि ते आस्थापना विभागापर्यंत पोहोचते.

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार कोणाही व्यक्तीस तिची एचआयव्हीविषयक स्थिती उघड करण्याची सक्ती सामान्यतः करता येत नाही आणि या कारणावरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने मानसिक आजाराच्या उपचारांबाबत गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे. तथापि हा हक्क मुख्यतः उपचार देणाऱ्यांवर बंधन घालतो. कार्यालयात स्वतःहून सांगितलेली माहिती किती जणांपर्यंत जाईल, हे प्रत्यक्षात तेथील कार्यसंस्कृतीवर अवलंबून राहते. नोकरी जाण्याच्या किंवा बदनामीच्या भीतीने आजार लपवणे आणि त्यामुळे सूचना न देताच गैरहजर राहणे, असे दुष्टचक्र क्षयरोग व मानसिक आजार यांच्या बाबतीत विशेषत्वाने संभवते.

दीर्घकालीन व आवर्ती उपचार

मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णास आठवड्यातून दोन ते तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास डायलिसिस घ्यावे लागते. नेहमीच्या क्षयरोगाचे उपचार किमान सहा महिने चालतात. अशा उपचारांत प्रत्येक भेटीसाठी वेगळा अर्ज देण्याऐवजी संपूर्ण वेळापत्रक एकदाच देणे दोन्ही पक्षांना सोयीचे ठरते. नियोक्त्याला पाळ्यांची आखणी करता येते आणि कर्मचाऱ्याची अनुपस्थिती ‘वारंवार विनारजा’ या सदरात मोडत नाही.

भेटीची वेळ निवडण्याचे स्वातंत्र्य रुग्णाला नेहमीच नसते. बहुतेक सार्वजनिक रुग्णालयांचा बाह्यरुग्ण विभाग सकाळच्या वेळी, म्हणजे कामाच्याच वेळेत चालतो. विशिष्ट आजारांच्या बाह्यरुग्ण सेवेसाठी आठवड्यातील ठरावीक वारही असतात. काही तारखा मात्र आधीच ठाऊक असतात. उदाहरणार्थ, २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर स्त्रियांची तपासणी दर महिन्याच्या ९ तारखेला होते. अशा वेळी पूर्वसूचना देणे सहज शक्य असते.

असंघटित क्षेत्र

वरील तरतुदी मुख्यतः संघटित क्षेत्राला लागू होतात. घरकामगार, बांधकाम मजूर, शेतमजूर, ऊसतोड कामगार यांच्या बाबतीत रजेचा अर्ज ही संकल्पनाच बहुधा नसते. कामावर न आलेल्या दिवसाला मराठीत ‘खाडा’ म्हणतात. घरकामात खाड्याचे पैसे कापायचे की नाहीत, हे त्या त्या घरातील समजुतीवर ठरते. येथे सूचना म्हणजे आदल्या दिवशी सांगून ठेवणे किंवा बदली बाई पाठवणे.

ऊसतोडणीत खाड्याचा अर्थ अधिक कठोर आहे. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेल्या जोडप्यापैकी एकाने जरी काम चुकवले, तरी त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, शिवाय दंडही आकारला जातो. दवाखान्यात जाण्याचा दिवस यास अपवाद नसतो. मासिक पाळीचा त्रास, गर्भाशयाचे विकार यांवर वेळीच उपचार घेण्याऐवजी बीड जिल्ह्यातील अनेक ऊसतोड महिलांनी तरुण वयातच गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया करून घेतल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. त्यामागे खाड्याची भीती हे एक कारण असल्याचे समोर आले. या प्रकरणी राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. डॉक्टरांकडे जाण्यासाठी सुटी मागण्याची सुरक्षित पद्धतच नसली, तर तिचा परिणाम केवळ वेतनावर नव्हे, तर उपचारांच्या निवडीवरही होतो, हे या घटनेने अधोरेखित केले.

इतर देशांतील पद्धती

अमेरिका: कौटुंबिक व वैद्यकीय रजा अधिनियम, १९९३ नुसार पात्र कर्मचाऱ्यास १२ महिन्यांत १२ आठवड्यांपर्यंत बिनपगारी, परंतु नोकरीचे संरक्षण असलेली रजा मिळते. खासगी क्षेत्रात किमान ५० कर्मचारी असलेल्या नियोक्त्यांना हा कायदा लागू होतो. कर्मचाऱ्याने १२ महिन्यांची सेवा आणि मागील वर्षात १,२५० तासांचे काम पूर्ण केलेले असावे लागते. उपचार आधी ठाऊक असल्यास ३० दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. ते शक्य नसल्यास व्यवहार्य तितक्या लवकर कळवावे लागते. पहिल्यांदा सूचना देताना कायद्याचे नाव घेण्याची आवश्यकता नसते. नियोक्ता डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागू शकतो, पण त्यासाठी किमान १५ दिवस द्यावे लागतात. वैद्यकीय गरज असल्यास ही रजा तुकड्यातुकड्यांनीही घेता येते. त्या वेळी कामात फारसा व्यत्यय येणार नाही अशा रीतीने उपचारांची वेळ ठरवण्याचा वाजवी प्रयत्न करणे अपेक्षित असते.

ब्रिटन: सर्वसाधारण वैद्यकीय भेटींसाठी सुटीचा स्वतंत्र हक्क नाही. रोजगार हक्क अधिनियम, १९९६ अन्वये गरोदर कर्मचाऱ्यांना प्रसूतिपूर्व तपासणीसाठी मात्र सवेतन वेळ मिळतो. पहिली भेट वगळता पुढील भेटींसाठी नियोक्ता भेटीचे कार्ड मागू शकतो. आजारपणाच्या पहिल्या सात दिवसांसाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागत नाही. कर्मचाऱ्याचे स्वतःचे निवेदन पुरते.

जर्मनी: आजारी कर्मचाऱ्याने विनाविलंब कळवणे बंधनकारक आहे. आजार तीन दिवसांपेक्षा अधिक चालल्यास डॉक्टरांचे प्रमाणपत्र आवश्यक ठरते. नियोक्ता ते त्याआधीही मागू शकतो. सामान्यतः सहा आठवड्यांपर्यंत वेतन चालू राहते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६९ च्या शिफारस क्रमांक १३४ मध्ये, प्रतिबंधक किंवा रोगनिवारक उपचारांसाठी कामावर अनुपस्थित राहावे लागल्याने उत्पन्न बुडत असल्यास रोख लाभ मिळावा, असे सुचवले आहे. १९८२ च्या करार क्रमांक १५८ नुसार आजारामुळे झालेली तात्पुरती अनुपस्थिती हे नोकरी संपवण्याचे वैध कारण ठरत नाही. भारताने या कराराला अनुसमर्थन दिलेले नाही. तथापि सर्वोच्च न्यायालयाच्या उपरोक्त निर्णयांतून त्याच दिशेचे तत्त्व मर्यादित स्वरूपात भारतीय कायद्यात आले आहे.